मापाची भाकरी

दौलत आमच्या साताऱ्याच्या घरी आला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता, आणि अल्सेशियनच्या त्या काळ्या-पिंगट पिल्लाचे पंजे त्याच्या देहाच्या मानाने इतके थोर होते, की येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांवरून त्याच्या भावी आकाराचे भाकीत करी. महसूल खात्याचे दप्तर सांभाळण्यात तीस वर्षे घालवलेल्या मला निवृत्तीनंतर लाभलेला हा सोबती लवकर भरदार दिसावा, अशी घरातल्या सर्वांचीच इच्छा होती. त्या इच्छेपोटी दुधात कुस्करलेली भाकरी, अंडी आणि वर कॅल्शियमची पूड असा खुराक आम्ही त्याला मुक्तहस्ताने चारला. सहावा महिना लागताच मी त्याला रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर नेऊ लागलो. धापा टाकीत का होईना, तो माझ्यामागे गड चढे, आणि त्याच्या त्या इमानाला मी त्याची ताकद समजे.

चौदाव्या महिन्यात धावताना तो मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलू लागला. सकाळी उठताना आधी पुढचे पाय जमिनीत रोवी, क्षणभर थांबून माझ्याकडे पाही आणि मग मागचा भाग ओढून घेई. पशुवैद्यांनी गुंगी देऊन त्याच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र काढले व ते उजेडासमोर धरून मला जे दाखवले, ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा, वाटीत लिंबू बसावे तसा, ज्या खोबणीत खोल बसायचा, ती खोबण बशीसारखी उथळ होती आणि माथा अर्धाअधिक तिच्याबाहेर आला होता.

हा दोष बव्हंशी पिढीजात खरा. पण तो किती बळावेल हे संगोपनावर ठरते, असे त्यांनी समजावले. थोराड जातीच्या पिल्लाची हाडे पुरती पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. त्या मुदतीत वजन हाडांच्या पुढे धावले, तर कोवळा सांधा ते पेलू शकत नाही. आणि लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नसल्यामुळे वरून घातलेली पूड हाडांच्या वाढीत बिघाड करते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर, एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावून, आयुष्यभर चाललेल्या प्रयोगाचा त्यांनी दाखला दिला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न मिळे. आणि कमी खाणारी कुत्री साधारणपणे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगली, त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. हे ऐकताना माझ्या हातून घडलेला कुसूर मला पुरता उमगला.

त्या दिवसापासून घरात शिरस्ता बदलला. किराणा दुकानदाराच्या धान्याच्या काट्यावर दौलत ४३ किलो भरला होता. भाकरी मापाने मिळू लागल्यावर आठ महिन्यांत तो ३५ वर आला. दर रविवारचे वजन मी रोजकीर्दीसारख्या वहीत मांडतो. पण काट्याहूनही खात्रीची परीक्षा तळहाताची, कारण न दाबता बरगड्या हाताला लागल्या म्हणजे वजन बेताचे आहे असे समजावे. दिवाणखान्यातल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय दोहोंकडे फाकत. म्हणून त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तेथून दारापर्यंत काथ्याच्या चटया अंथरल्या. नखे आणि पंजाच्या गाद्यांमधले केस दर पंधरवड्याला कापण्याचा जिम्मा नातीने घेतला. थंडीत दुखणे वाढले की पशुवैद्यांनी ठरवून दिलेले औषध जेवणाबरोबर देतो आणि मूत्रपिंड व यकृत यांसाठी वेळच्या वेळी रक्त तपासून घेतो. शेजारच्या एका सद्गृहस्थांनी कळवळ्याने आपली आयब्युप्रोफेनची गोळी पुढे केली होती. माणसाला सोसणारी ती गोळी कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडाला विषासमान असते, म्हणून ती मी हात जोडून परत केली.

गडाची वाट सुटली. तिच्या जागी उन्हाळ्यात संगम माहुलीचा घाट आला. कृष्णा-वेण्णेच्या संथ पाण्यात देहाचा भार पाणीच उचलते, आणि जमिनीवर जपून पाऊल टाकणारा दौलत तेथे चारही पाय मोकळे करून पोहतो. याच माहुलीस छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवले आणि महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, अशी आख्यायिका आहे. ओल्या अंगाने दौलत त्या समाधीजवळ उन्हात पडतो, तेव्हा मनात येते, की मुक्या जनावराचे इमान ओळखून त्याचा मान राखणाऱ्यांच्या या गावात, आपल्या इमानी सोबत्याला निदान न दुखता उठता यावे एवढी तजवीज करणे हे आपले कर्तव्यच आहे.

दौलत आता नऊ वर्षांचा आहे; खुब्यांचा दोष तसाच आहे, पण सकाळी तो न थांबता उठतो. ज्यांच्या घरी असे मोठ्या पंजांचे पिल्लू नुकतेच आले असेल, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : पहिले दीड वर्ष त्याला सपाटीवर चालवा, पूड घालू नका, आणि त्याची भाकरी पहिल्या दिवसापासून मापाने वाढा.