कुलूप, किल्ली आणि अम्मी

कोकणातल्या आमच्यासारख्या मोहल्ल्यात कुलपे दोन प्रकारची असतात. एक बंद घराचे. मालक मुंबईला, कुवेतला किंवा दुबईला, आणि घर उघडायचे ते मे महिन्यात किंवा ईदला. दुसरे राहत्या घराचे. पहिले कुलूप वापर नसल्याने गंजते, दुसरे वापर थांबत नसल्याने झिजते. दोन्ही कधी ना कधी अडकतात. अडकतात तेव्हा घरात पुरुष असेलच असे नाही, आणि सुतार मिस्त्री तर भर पावसात ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस येत नाही. दारापाशी उभी असते ती घरातली बाई. म्हणून या महिन्यात मी माझ्या भगिनींशी कुलपांबद्दल बोलणार आहे. ऐकायला विषय किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात त्याने मोठा प्रश्न उभा केला होता.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मुलांना शब्दांचे मूळ सांगायला मला आवडते. मराठीतला ‘कुलूप’ हा अरबी ‘कुफ्ल’चा बदललेला उच्चार, आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आलेली. अरबी कुलपात पोर्तुगीज चावी फिरवून आपण मराठी घर उघडतो, असे म्हटले की वर्ग हसतो. पण शब्द माहीत असणे वेगळे आणि वस्तू माहीत असणे वेगळे. वस्तूची ओळख मला २०२१ साली झाली.

त्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. पाणी ओसरले तेव्हा फळ्या फुगलेल्या होत्या आणि कुलपांच्या तोंडात चिखल बसला होता. मुलांचे अब्बा कुवेतला. मिस्त्री मिळणे शक्यच नव्हते, कारण मिस्त्रीचे स्वतःचे घर धुऊन काढायचे होते. मी पेचकस घेऊन बसले. कुलपे काढली, स्वच्छ पाण्यात पुन्हा पुन्हा बुडवून चिखल धुतला, पंख्याखाली वाळवली. काही वाचली, काही फेकावी लागली. त्या पंधरा दिवसांत जे हाताला कळले ते सांगते.

सगळ्यात आधी हे पाहावे की बिघडले आहे ते कुलूप की दार. दार उघडे ठेवून किल्ली फिरवा. उघड्या दारात जीभ सहज आतबाहेर होत असेल आणि दार लावल्यावरच अडत असेल, तर कुलपाचा दोष नाही. दार पावसाने फुगले आहे किंवा बिजागरीवरून खाली बसले आहे. नवे कुलूप आणले तरी तेही अडणार, आणि पैसे वाया जाणार. अशा वेळी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. बहुधा तेच सैल झालेले असतात. भोक मोठे झाले असेल तर त्यात गोंद लावलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकून भरा, वाळू द्या, वर आलेले टोक कापा आणि स्क्रू पुन्हा पिळा. दार वर उचलले जाते.

एवढ्याने भागले नाही तर कुलपाच्या जिभेला थोडे काजळ लावा, दार लावा आणि किल्ली फिरवा. चौकटीवरच्या लोखंडी पट्टीवर काळा डाग जिथे उमटेल तिथे जीभ आपटते आहे. तेवढीच कड कानशीने घासा. पावसाळ्यात फुगलेले दार मात्र लगेच रंधून टाकायची घाई करू नये. दिवाळीनंतर लाकूड सुकते आणि फट पडते.

आता दार उघडे असतानाही किल्ली जड जात असेल, तर दोष कुलपात किंवा किल्लीत आहे. आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे खोबरेल तेल. चार दिवस बरे वाटते, मग तेल धूळ धरते, थंडीत घट्ट होते आणि आतल्या बारीक पिना चिकटून बसतात. त्यापेक्षा मुलांच्या दप्तरातली मऊ, काळीभोर पेन्सिल घ्या. किल्लीच्या दात्यांवर ती भरपूर घासा आणि किल्ली दहा-बारा वेळा आतबाहेर करा. पेन्सिलीत असते ते ग्राफाइट, कोरडे आणि निसरडे. माझ्या घरी वर्षातून दोनदा हे काम मुलेच करतात.

किल्लीची परीक्षाही सोपी आहे. एक किल्ली चालते आणि दुसरी अडते, तर कुलूप निर्दोष आहे. नवी किल्ली करायची ती नेहमी मूळ किल्लीवरून. नकलेवरून नक्कल काढली की प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो. मी मुलांना सांगते तसेच, फळ्यावरून उतरवून घ्या, शेजाऱ्याच्या वहीवरून नको.

किल्ली आत तुटली तर दुसरी किल्ली घालून तुकडा आत ढकलू नका. घरातला चिमटा बारीक असेल तर त्याने धरा. नाहीतर लाकूड कापण्याच्या बारीक करवतीच्या पात्याचा तुकडा दात्यांच्या बाजूने सरकवा आणि हळूच बाहेर ओढा. किल्ली फिरवताना तुटली असेल तर आधी भोक पेचकसाच्या टोकाने सरळ उभ्या रेषेत आणावे लागते, नाहीतर तुकडा निघत नाही.

दारात बसवलेल्या, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या कुलपाची किल्ली गोल गोल फिरते पण जीभ हलत नाही, किंवा किल्लीच हरवली, तर अख्खे कुलूप बदलायची गरज नसते. फक्त मधला सिलिंडर बदलता येतो. दाराच्या कडेला, जीभ जिथून बाहेर येते त्या पट्टीवर, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो काढा, किल्ली घालून किंचित फिरवा आणि सिलिंडर ओढा. किल्ली चालत असेल तर तो हातात येतो. तोच घेऊन दुकानात जा, मिलिमीटरमध्ये लांबी जुळवून घ्या. नवा सिलिंडर दाराच्या पट्टीबाहेर फार डोकावता कामा नये, कारण बाहेर आलेला भाग पकडीने धरून तोडता येतो. आणि टाळे लावत असाल तर टाळ्याइतकेच लक्ष कोयंड्याकडे द्या. भारी टाळे आणि दोन छोट्या स्क्रूंवर लटकलेला कोयंडा, हे दृश्य मी कितीदा पाहिले आहे. चोर टाळ्याला हातही लावत नाही, कोयंडा उपसतो. कोयंडा आरपार बोल्टने आणि आतून नटाने आवळलेला असावा.

कुलूप घेताना घाई नको. मुंबईत १८९७ साली गोदरेजांनी कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडे नाव पाहून कुलूप घ्यायची सवय आहे. अलिगढला तर तालानगरीच म्हणतात. तिथल्या लहान लहान कारखान्यांत अनेक मुस्लिम कारागिरांची घरे याच हुनरवर चालतात. त्यांचे पितळी टाळे हातात घेऊन बघा, वजनावरून काम कळते. दमट, खाऱ्या हवेत पितळ लोखंडापेक्षा टिकते, हा आमच्या किनाऱ्याचा अनुभव आहे.

किल्लीचा आणखी एक अर्थ आपल्याला घरातूनच माहीत असतो. आमच्या खुंटीवर मोहल्ल्यातल्या तीन बंद घरांच्या किल्ल्या आहेत. त्या आमच्या नाहीत, आमच्याकडे आहेत. हिजरी ८ मध्ये मक्का फतह झाले तेव्हा काबाची किल्ली हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी पूर्वीच्याच किल्लीदाराला, हजरत उस्मान बिन तलहा यांना परत दिली. सूरह निसामध्ये अमानत ज्याची त्याला पोहोचवण्याचा जो आदेश आहे, त्याचा संबंध अनेक मुफस्सिर याच प्रसंगाशी जोडतात. विजयाच्या दिवशीही किल्ली ज्याची त्याला मिळाली. खुंटीवरच्या त्या तीन किल्ल्यांकडे पाहताना मला हे आठवते. ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या हाती दुसऱ्याची अब्रू आणि सुरक्षितता असते.

आणि इथेच आमच्या घरचा प्रश्न येतो.

माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळे त्यांना अम्मी म्हणतो, तीन वर्षांपासून विसराळूपणाचा आजार आहे. आधी नावे गेली, मग वेळा गेल्या. असर झाली की नाही हे त्या चार वेळा विचारतात. एका पहाटे त्या वुजूसाठी न्हाणीघरात गेल्या आणि आतून कडी लावली. कडी काढायची कशी, हे त्या विसरल्या. दार ढकलत राहिल्या, मग रडू लागल्या. कडी आतली, दार जाडजूड. मी बाहेरून म्हणत होते, “अम्मी, कडी डावीकडे ओढा,” पण डावीकडे म्हणजे काय हेच त्यांना उमगत नव्हते. शेवटी झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या काढल्या आणि नऊ वर्षांचा माझा धाकटा आत उतरला. त्याने कडी काढली. अम्मी त्याचा हात धरून म्हणाल्या, “बेटा, मला कुणी कोंडले होते?”

त्याच दिवशी ती कडी मी उपसून काढली. पण कडीच नको, असे चालणार नव्हते. त्यांना दार बंद करून वुजू करायचा असतो, आणि आजारी माणसालाही पडदा हवाच असतो. बाजारात अशी कडी मिळते की आतून बोटाने लागते आणि बाहेरून खाचेत नाणे घालून फिरवले की उघडते. ती बसवली. खर्च एका साध्या टाळ्याइतका. ज्या घरात म्हातारी माणसे किंवा लहान मुले आहेत, त्या प्रत्येक घरात न्हाणीघराला हीच कडी असावी असे मला वाटते.

मोठा पेच मुख्य दाराचा होता. अम्मी दुपारी उठून ‘माहेरी जाते’ म्हणून निघू लागल्या. त्यांचे माहेर खाडीपलीकडे, आणि तिथले कुणी आता हयात नाही. मी साडेदहा ते पाच शाळेत. नातलगांनी एकच सल्ला दिला, बाहेरून कुलूप लाव आणि जा. मुलांचे अब्बाही फोनवर म्हणाले, “तू तरी काय करणार? लाव कुलूप. निदान घरात तरी राहील.” त्यांच्या आवाजात काळजी होती, आई गमावण्याची भीती होती. मला त्यांचा राग आला नाही.

पण मी किल्ली हातात घेतली आणि विचार केला. आत गॅस आहे. वायरिंग जुने आहे. काही पेटले तर त्या दारापर्यंत येतील आणि दार उघडणार नाही. पाय घसरून पडल्या तर कुणाला आत जाता येणार नाही. आणि काहीच झाले नाही तरी, न्हाणीघरात त्यांनी विचारलेला प्रश्न त्या रोज विचारतील. त्या वेळी कुणी कोंडले नव्हते. आता उत्तर मी असते.

मुलांच्या अब्बांना मी एवढेच म्हटले, “चोरासाठी कुलूप लावू. अम्मीसाठी माणूस लावू.” ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “खर्च मी पाठवतो.”

आता समोरची खाला दुपारी आमच्याकडे बसते, शिवणाचे मशीन घेऊन. दर महिन्याला तिला ठरलेली रक्कम देतो, उपकार म्हणून नाही, कामाचा मोबदला म्हणून. दारावर आतून किल्ली न लागणारी, नुसती मूठ फिरवून उघडणारी लॅच आहे. वरचा बोल्ट काढून टाकला. दाराला बकरीच्या गळ्यातली घंटी बांधली आहे. दार हलले की खाला मान वर करते. अम्मी निघाल्या तर ती त्यांना अडवत नाही. चप्पल घालून सोबत जाते, मशिदीपर्यंत, आणि दोघी परत येतात. कधी कधी तीही दमते, कधी सुट्टी घेते, तेव्हा मला शाळेतून रजा काढावी लागते. हा उपाय स्वस्त नाही आणि सोपाही नाही. घरातला पगार आणि कुवेतचा पगार मिळून तो जेमतेम निभतो.

रात्री मात्र दार नीट बंद करतो. रात्री दारे लावून घेण्याची ताकीद हदीसमध्ये आहेच. पण त्यातही एक गोष्ट सांभाळतो. दोन्ही बाजूंनी किल्ली लागणाऱ्या बऱ्याच कुलपांत आतून किल्ली तशीच ठेवली तर बाहेरची किल्ली चालत नाही. म्हणून आतली किल्ली कुलपात कधीच ठेवत नाही, दाराशेजारी हाताला येईल अशा खिळ्याला लावतो. घरातल्या प्रत्येकाला तो खिळा अंधारातही सापडतो. आणि एक किल्ली खालाकडे.

माझ्या भगिनींना एकच विनंती आहे. आज इशानंतर घरातले प्रत्येक दार एकदा लावून बघा. घरातला सगळ्यात अशक्त हात ते आतून उघडू शकतो का? आत कुणी पडले तर तुम्हाला ते बाहेरून उघडता येते का? चोराचा विचार त्यानंतर करा. आणि या दोनपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर मिस्त्रीची वाट पाहू नका. पेचकस घरातच असतो, बहुतेक शिवणाच्या मशीनच्या खणात.