खुर्चीतून दिसणारा रंग

लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंगांतला फरक नीट ओळखता येत नसे. चित्रकार व्हायचं म्हणून ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि अंशतः रंगांधळेपणा असल्याचं लक्षात आल्यावर दोन वर्षांत त्यांना चित्रकला सोडावी लागली. यांत्रिक रेखाटन मात्र त्यांनी सोडलं नाही. पुढे ते कारखानदार झाले आणि बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बाळासाहेब स्वतः चित्रकार. रंगांवर जीव असलेल्या राजानं रंग नीट न दिसणाऱ्या कारखानदाराला जागा दिली. आज ती वाडी सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध सातारा जिल्ह्यात.

या दोन जिल्ह्यांतच माझं काम चालतं. पतसंस्था, सी.ए.ची ऑफिसं, मार्केट यार्डातल्या पेढ्या, एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या कचेऱ्या यांचा आतला भाग मी लावून देते. रंग ठरवायला बसले की ही राजा-कारखानदाराची जोडी मला हटकून आठवते. कारण प्रत्येक ऑफिसात एकच भिंत वेगवेगळ्या डोळ्यांना वेगवेगळी दिसत असते. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं, त्यातही पुरुष, आपल्याला वाटतात त्याहून जास्त आहेत आणि ती सहसा बोलून दाखवत नाहीत. म्हणून फायलींचे गठ्ठे फक्त लाल आणि हिरव्या पट्ट्यांनी वेगळे करायला मी कधीच सांगत नाही. पट्टीवर अक्षर किंवा आकडा हवाच.

‘ऑफिसला कुठला रंग दिला म्हणजे लोक जोमानं काम करतील?’ हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. विचारणाऱ्याच्या डोक्यात उत्तर बहुधा तयार असतं: निळ्यानं मन शांत होतं, पिवळ्यानं हुरूप येतो, हिरव्यानं डोळे निवतात. हा पाढा मला मान्य नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. संगणकाच्या पडद्याची पार्श्वभूमी लाल असेल तर बारकाव्याचं काम चांगलं होतं आणि निळी असेल तर कल्पकतेचं, असा त्याचा निष्कर्ष. जगभर गाजला. पुढे त्यातला काही भाग इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा निकाल मिळाला नाही. त्याआधी टेक्सास विद्यापीठात नॅन्सी क्वालेक यांनी लाल, हिरव्या आणि पांढऱ्या खोल्यांत लोकांना मुद्रितं तपासायला बसवलं होतं. बसणाऱ्यांना आवडली पांढरी खोली. चुका मात्र पांढऱ्या खोलीत लाल खोलीपेक्षा जास्त झाल्या. आवडणं आणि नीट काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यावरून मी घेते. लाल भिंती द्याव्यात, असं त्यातून निघत नाही.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास २००६ चा आहे. स्वीडन, ब्रिटन, अर्जेंटिना आणि सौदी अरेबिया अशा चार देशांतल्या हजाराच्या जवळपास नोकरदारांना वर्षभर वेगवेगळ्या वेळी विचारलं गेलं. ज्यांना कामाच्या जागी उजेड अपुरा वाटत होता त्यांची मनःस्थिती सगळ्यात खालावलेली. उजेड बेताचा वाटला की ती सगळ्यात चांगली. आणि झगझगाट वाटला की पुन्हा खाली. ज्यांच्या भोवती रंगांची चांगली योजना होती त्यांची मनःस्थिती वर्षभर बरी राहिली. म्हणजे रंगाचा परिणाम होतो, पण तो उजेडाचा हात धरून. आमचे मुख्य रंगारी, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, त्यांनी हे कुठल्याही अभ्यासाशिवाय मला सांगितलं होतं. साताऱ्यात वापरलेली शेड सांगलीच्या एका ऑफिसात लावली आणि दोघंही भिंतीकडे बघत राहिलो. ‘मॅडम, डबा तोच हाय,’ ते म्हणाले, ‘ऊन दुसरं हाय.’

ऊन खरंच दुसरं आहे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सह्याद्रीला खेटून. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरलेले, भोवतीचा दगड काळा, खिडकीतून येणारा उजेड निळसर राखाडी. सांगली कृष्णाकाठच्या सपाटीवर. पाऊस कमी, आभाळ मोकळं, आणि मार्चपासून दुपारचं ऊन समोरच्या इमारतीवरून उसळून आत येतं. हल्ली सगळीकडे राखाडी भिंतींची हौस आहे. ती पुण्यामुंबईच्या ऑफिसांचे फोटो बघून येते. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत ती मी पाहिली आहे: थंड राखाडी भिंत, वर निळसर पांढऱ्या उजेडाच्या ट्यूब, बाहेर आषाढ. काउंटरवरच्या मुली एकमेकींना विचारत होत्या, ‘अगं, बरं नाही का तुला?’ कुणीही आजारी नव्हतं. भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर पडतो आणि चेहऱ्याचा रंग बदलून टाकतो. दिवसभर समोर फिकुटलेले चेहरे बघणाऱ्या माणसाला प्रसन्न वाटेल तरी कसं? तिथं आम्ही भिंती बदामीकडे झुकणाऱ्या मोतिया शेडमध्ये केल्या आणि सहा हजार पाचशे केल्विनच्या ट्यूब काढून चार हजारांच्या, कमी निळसर उजेडाच्या लावल्या. खर्च दोन टेबलांच्या किमतीएवढाही आला नाही.

तीच मोतिया शेड सांगलीतल्या पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीनला तापल्यासारखी दिसते. तिथं फिका पिस्ता किंवा राखेची छटा असलेला आकाशी चांगला, आणि तोही मॅट. मात्र एक गोष्ट मी प्रत्येक मालकाला बजावते: भिंत निळी केल्यानं खोली थंड वाटेल, तापमान उतरणार नाही. ते उतरवायचं असेल तर गच्चीवर चुना मारा आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छपरी द्या.

आता रंगाच्या नावापेक्षा महत्त्वाची, आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. शेड किती उजेड परत पाठवते, हे मी आधी बघते आणि ती पिवळी की हिरवी हे नंतर. भारतीय मानक आय.एस. ३६४६ मध्ये याच्या मर्यादा दिल्या आहेत: छतानं पडलेल्या उजेडापैकी साठ ते नव्वद टक्के परत पाठवावा, भिंतींनी तीस ते ऐंशी, जमिनीनं दहा ते पन्नास. छत पांढरं का असावं याचं उत्तर यात आहे. आणि पांढरंशुभ्र चकचकीत व्हिट्रीफाइड फरशीचं ऑफिस डोळ्यांना का टोचतं, याचंही. फरशी पांढरी, टेबल पांढरं, भिंत पांढरी आणि मध्ये संगणकाचा पडदा, अशा ठिकाणी बसणाऱ्याचा डोळा दिवसभर जुळवून घेत राहतो. पडद्यावरून नजर उचलली की झगझगाट, परत खाली नेली की अंधार. संध्याकाळी डोकं दुखतं ते कामामुळे, असं त्याला वाटतं.

म्हणून पडद्याच्या मागची, म्हणजे बसणाऱ्याच्या समोरची भिंत मी मध्यम ठेवते. साधारण अर्धा उजेड परत देणारी, ओल्या रेतीच्या किंवा सुकलेल्या कडुलिंबाच्या पानाच्या छटेची. पाठीमागच्या भिंतीचंही बघावं लागतं. संस्थेचा गडद लाल किंवा निळा रंग काउंटरच्या मागं लावतात, ग्राहकाला लांबून दिसावा म्हणून. मागणी रास्त आहे. पण रंग चकचकीत असेल तर ती भिंत पडद्यात उमटते आणि आकड्यांवर लाल पडदा येतो. मॅट लावला की ग्राहकाला रंग दिसतो आणि कारकुनाला आकडे.

जुन्या सरकारी कचेऱ्यांची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. खाली कमरेच्या वरपर्यंत ऑइलपेंटचा गडद पट्टा, त्यावर चुना किंवा डिस्टेंपर. खुर्चीची पाठ, खांदे, तेलकट डोकी, झाडूचं पाणी हे सगळं पट्ट्यानं झेललं आणि वरचा फिका भाग उजेड फेकत राहिला. पट्टा चॉकलेटी आणि चमकदार असायचा, ते खटकायचं. मी तो पट्टा अजून ठेवते, साटिन फिनिशमध्ये, विटकरी किंवा मेंदीच्या फिक्या छटेत. नव्या मुलांना तो जुनाट वाटतो; सफाई करणाऱ्या मावशींना तो हवा असतो, आणि ऑफिसात त्यांचाही विचार व्हायला हवा.

वास्तूचा आग्रह धरणारे मालक पुष्कळ भेटतात. आग्नेयेला अमुक रंग, ईशान्येला तमुक. त्यावर मी वाद घालत नाही. रंग त्यांचा, त्याची फिकट-गडद पातळी माझी, असं ठरवून घेते. केशरी हवा असेल तर तो अबोलीपर्यंत उतरवता येतो.

कारखान्याच्या कचेरीत मात्र एका बाबतीत मी हटून बसते. अमेरिकेतल्या फेबर बिरेन यांनी १९३० च्या दशकापासून कारखान्यांना रंगांबद्दल सल्ला दिला. त्या काळच्या कामातून धोक्याला ठरावीक रंग नेमायची पद्धत रुजली. लाल म्हणजे आग, पिवळा म्हणजे जपून. शॉपफ्लोअरवरचा माणूस दिवसभर त्या भाषेत वाचत असतो. शेजारच्या कचेरीत शोभेसाठी तोच पिवळा पट्टा ओढला तर त्या भाषेची किंमत कमी होते. तिथं हे दोन रंग शोभेला वर्ज्य.

आणि काही ठिकाणी रंग बघणं हेच काम असतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. यार्डातला व्यापारी हळकुंड मोडतो आणि आतला रंग पाहतो. दराचा मोठा भाग त्या नजरेत ठरतो. अशा पेढ्यांना भिंती हळदीच्या रंगाच्या हव्या असतात, शुभ म्हणून आणि धंद्याची ओळख म्हणून. मी ती ओळख दर्शनी भागात, गणपतीच्या कोनाड्याभोवती देते. नमुना बघायच्या टेबलाशी नाही. पिवळ्या भिंतीवरून आलेला उजेड प्रत्येक हळकुंडाला पिवळं करतो, आणि तासभर पिवळं बघत बसलेल्या डोळ्याला पिवळ्यातला फरक कळेनासा होतो. तिथं भिंत आणि टेबलाचा पृष्ठभाग बिनछटेचा, फिका राखाडी. साताऱ्यात मी ज्याला नको म्हणते तोच राखाडी इथं हवा. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. दिवे घेताना सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, नव्वदच्या वर बघून घ्यायचा. स्वस्त एलईडीखाली हळदीचा तांबूसपणा मरतो.

तासगावच्या बेदाण्याचं तेच. हिरवा, पिवळा, काळपट अशी वर्गवारी रंगावर होते आणि निवडायला बायका बसतात, तासन् तास मान खाली घालून. निवडीच्या जागी निळ्या पत्र्याखाली दिवसभर निळा उजेड झिरपत असतो. मालकाला तिथं पंखे सुचतात, पाण्याची सोय सुचते, पण बायकांचे डोळे कशात काम करतात हे सुचत नाही. बसल्या जागेवरून मान वर केली की दिसेल अशी एक भिंत शांत हिरवी असावी, एवढी माझी मागणी असते. शस्त्रक्रियेच्या खोल्या हिरव्या झाल्या त्यामागचं कारणही डोळ्यांचंच: एकच रंग बराच वेळ पाहिला की डोळा त्याच्या उलट रंगाची सावली धरतो, रक्ताच्या लालानंतर हिरवट. हिरव्या भिंतीवर ती सावली विरते. बेदाणा निवडणाऱ्या बाईच्या नजरेला अधूनमधून विसावा लागतो, तो लांबच्या शांत भिंतीवरच मिळतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी सुमारे ५७ फुटांपर्यंत गेली. त्यानंतरची कामं मी विसरणार नाही. भिंती आतून भिजलेल्या. घाईनं पुट्टी भरून इमल्शन चढवलं की महिन्याभरात फुगे येत, खार फुटे. ओल जाईपर्यंत आम्ही चुना लावला, थोडी नीळ टाकून. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. एका पेढीत सगळ्यांना विचारलं, पक्का रंग कुठला देऊ? हिशेबनीस काका म्हणाले, ‘कुठलाबी द्या ताई, मातीचा नको.’ मी आणलेल्या शेडकार्डातली तपकिरी, खाकी, गव्हाळ पानं बाजूला काढून ठेवली. रंग मनावर काय करतो याचं कुठल्याही देशातलं संशोधन मला हे सांगू शकलं नसतं. तिथं बसणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं.

रंग ठरवायला मी ऑफिसात जाते तेव्हा म्हणूनच मालकाच्या केबिनमध्ये बसत नाही. आधी सगळ्यात कमी पगाराच्या माणसाच्या खुर्चीत बसते. तिथून काय दिसतं, दुपारी कुठून डोळ्यावर येतं, हे बघते. बहुतेक ऑफिसांचा रंग दारातून आत येणाऱ्याच्या नजरेनं ठरवलेला असतो. तो पाहुणा दहा मिनिटं थांबतो. खुर्चीतला माणूस रोज आठ तास.

यंदा दिवाळीच्या आधी ऑफिसचं रंगकाम काढणार असाल तर शेडकार्डाच्या चिमुकल्या चौकोनावर विश्वास ठेवू नका. मोठ्या भिंतीवर रंग बहुधा जास्त गडद दिसतो. आवडलेली शेड आणि तिच्याहून एक पायरी फिकी, दोन्हींचे लहान डबे आणा. काउंटरवरच्या माणसाच्या समोरच्या भिंतीवर तीन-तीन फुटांचे दोन चौकोन रंगवा, दोन हात मारून. सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर बघा. आठवडाभर तसेच राहू द्या, आणि मग कुठला ठेवायचा ते त्या माणसाला ठरवू द्या.