बदलले तेवढेच

निवृत्त झाल्यावर कुणाला बागेचा नाद लागतो, कुणाला भजनाचा. मला काळ्या पडद्यावर अक्षरे मांडण्याचा नाद आहे. घरातली मुले संगणकावर रंगीत चित्रे पाहत असतात आणि मी त्याच संगणकावर एक काळी चौकट उघडून, 80 रकाने आणि 24 ओळी अशा जुन्या हिशेबाने तिच्यात एकेक अक्षर बसवीत असतो. नातू म्हणतो, "आजोबा अजून पाटीवरच लिहितात!" मी रागावत नाही. पाटीशी माझे जुने सख्य आहे.

या कामाला मी जी लायब्ररी वापरतो तिचे नाव 'कर्सेस'. लायब्ररी म्हणजे इथे ग्रंथालय नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वरचेवर लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवलेला तयार संच. नावाचा सरळ अर्थ घेतला तर शिव्याशाप! पण पडद्यावर पुढचे अक्षर कुठे उमटणार ते दाखवणारी जी लुकलुकती खूण, तिला कर्सर म्हणतात; तिची धावपळ वाचवणारी विद्या म्हणून ही थट्टा. 1980च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात केन अरनॉल्ड याने ती लिहिली. तिच्या बळावर जो खेळ गाजला त्याचे नाव 'रोग', म्हणजे इंग्रजीत लफंगा. त्यात राक्षसही अक्षरांचेच. आधी शाप, मग रोग! मराठी माणसाने हे ऐकून दृष्टच काढली असती.

त्या काळी पडदा एकीकडे, संगणक दुसरीकडे आणि मधे पुष्कळदा टेलिफोनची तार असे. 300 बॉडच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम 30 अक्षरे येत. पडद्यावर खाने 1920. म्हणजे सारे पान नव्याने काढायचे तर 64 सेकंद डोळे लावून बसायचे. अशा ठिकाणी काटकसर हवीच, आणि 'कर्सेस'ने ती मोठ्या शहाणपणाने केली.

ती आपल्याजवळ दोन पाने ठेवते. पहिल्यावर आपण लिहायचे: अमक्या ओळीत, तमक्या रकान्यात हे अक्षर ठेव. ओळ आधी, रकाना नंतर, आणि मोजणी शून्यापासून. लिहिले तरी पडद्यावर काही उमटत नाही. 'रिफ्रेश' म्हटले की मग ती पहिले पान दुसऱ्या पानाशी ताडून पाहते. दुसऱ्यावर पडद्यावर आत्ता काय आहे याची नोंद असते. दोहोंत फरक असेल तेवढीच अक्षरे ती पाठवते. बदलले तेवढेच! मी शिकत होतो तेव्हा हे 'रिफ्रेश' विसरलो आणि सबंध दुपार काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. माझ्या लेखी सारे लिहून झाले होते.

या शहाणपणात एक खोच आहे. ते दुसरे पान म्हणजे पडदा नव्हे. पडदा असा असेल, अशी 'कर्सेस'ची ती समजूत असते. आमच्या कचेरीत 1990च्या सुमारास जमाखर्चाच्या ऐन मध्यावर 'यंत्र थोड्या वेळात बंद होईल' असा भलतीकडून आलेला निरोप येऊन आदळे. आमच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसे. तो आपला जुन्या समजुतीने बदल तेवढे पाठवीत राही, आणि आकड्यांत त्या निरोपाचे तुकडे अडकून पडत. यावर उपाय एकच: आपली समजूत खोटी धरायची, पडदा पुसायचा आणि सारे पहिल्यापासून काढायचे. पुष्कळ प्रोग्रॅमांत कंट्रोल आणि एल ही कळ एकदम दाबली की हे होते.

गेल्या भाऊबीजेला सांगलीत आक्काच्या घरी मला ही कळ आठवली.

आक्का माझी थोरली बहीण. लहानपणी कंदिलाच्या उजेडात कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी. म्हणून दरसाल ओवाळणीबरोबर मी तिला एक जाडजूड कादंबरी नेतो. दर रविवारी आमचे फोनवर बोलणे होते. तेही बदलले तेवढेच. नातीला नोकरी लागली, गुडघा दुखतो, नळाला पाणी कमी आहे. भाऊबीजेचा मुक्काम दोन-तीन तासांचा, नजर गाडीच्या वेळेवर. त्या दिवशी तिचा चष्मा शोधायला कपाट उघडले, तर माझ्या सहा कादंबऱ्या ओळीने उभ्या! प्रत्येकीत दुकानाची पावती पहिल्याच पानाशी.

"आक्का, एकही वाचली नाहीस?"

"काचबिंदू झाल्यापासून बारीक अक्षर लागत नाही रे. तू एवढ्या हौसेनं आणतोस, म्हटलं कशाला बोला!"

माझ्या हातात तिने दिलेली बशी होती. बशीत बेसनाचे दोन लाडू. मला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. दरसाल मी ते लाडू रुमालात बांधून स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला देतो. हौसेने केलेले असतात, कशाला बोला!

त्या दिवशी मात्र बोललो. आक्काने आधी डोळे वटारले, मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "म्हणजे नऊ वर्षं मी रिक्षावाल्याची भाऊबीज करत होते?"

संध्याकाळची गाडी मी सोडून दिली. कपाटातली पहिली कादंबरी काढली आणि विचारले, "कुठून वाचू?"

ती भिंतीला टेकून बसली. "पहिल्या पानापासून," ती म्हणाली, "आणि सावकाश वाच. तू लहानपणापासून ओळी गाळतोस."