या खेपेला तुम्ही चालवा

तुमच्या आळीतलं भजनी मंडळ घ्या, भिशी घ्या, नाहीतर कॉलनीतलं महिला मंडळ घ्या. बहुतेक ठिकाणी सगळं काम एकाच बाईच्या गळ्यात पडलेलं असतं. वही तिच्याकडे, किल्ली तिच्याकडे, हॉलवाल्याशी बोलायचं तेही तिनंच. बाकीच्या वेळेवर येतात, सतरंज्या घालतात, कप विसळतात, आणि वर्षअखेरी नवी अध्यक्षा निवडायची वेळ आली, की एकमुखानं म्हणतात, "तुम्हीच करा हो ताई, तुम्हांला सगळं माहीत आहे!" ताईसुद्धा "नको गं बाई" म्हणत वही पुन्हा जवळ ओढतात. मग एखाद्या वर्षी ताईंच्या यजमानांची बदली होते, आणि चांगलं चाललेलं मंडळ दोन महिन्यांत बंद पडतं. पाहिलंय ना तुम्ही असं?

या दुखण्यावर आमच्या कॅथलिक समाजात एक औषध करून पाहिलं जातं. ते सगळीकडे सारखंच लागू पडलंय असं मी म्हणणार नाही. पण ते अगदी घरगुती आहे, आणि तुमच्या मंडळालाही चालण्यासारखं आहे. म्हणून मैत्रिणींनो, तुम्हांला सांगावंसं वाटलं.

आधी थोडी ओळख करून देते. एका चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या सगळ्या कुटुंबांना मिळून आमच्याकडे 'धर्मग्राम' म्हणतात. वसईकडे चर्चच्या आसपास आमची आळीच्या आळी असते. कुणाकडे बारसं, कुणाकडे आजारपण, हे न सांगता कळतं. सातारा-सांगलीकडे तसं नाही. इथं घरं थोडी, आणि तीही विखुरलेली. कुणी नगरकडचे, कुणी गोव्याचे, कुणी केरळचे. रेल्वे, दवाखाना, बँक, कारखाना अशा निमित्तानं येऊन राहिलेले. फादर एकटे, हद्द मात्र चार-चार तालुक्यांची. रविवारी मिस्सा संपली, की ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या दिशेला. आमच्यातली एक बाई अकरा दिवस दवाखान्यात होती, आणि ते इतरांना कळलं ती घरी परतल्यावर! शेजारच्या रांगेत बसून वर्षानुवर्षं एकच प्रार्थना म्हणायची, आणि एकमेकींचं घर मात्र ठाऊक नाही, असा तो प्रकार.

यावर उपाय म्हणून 'लहान ख्रिस्ती समूह' निघाले. जवळपासची दहा-वीस घरं एकत्र यायची, चर्चमध्ये नव्हे तर एकमेकांच्या घरी, पाळीपाळीनं. कल्पना तशी दूरवरून आलेली आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोमला व्हॅटिकनची दुसरी परिषद भरली होती. चर्च म्हणजे फक्त फादर आणि बिशप नव्हेत, तर सगळी प्रजा, हे तिनं ठासून सांगितलं. त्यानंतर मिस्साही लोकांच्या मातृभाषांतून होऊ लागली. जिथं फादर कमी आणि अंतरं लांब, त्या लॅटिन अमेरिकेत आणि आफ्रिकेत असे छोटे समूह आधी रुजले. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को नावाच्या संस्थेनं ते कसे चालवायचे याच्या साध्या पुस्तिका काढल्या. १९९० साली आशियातले बिशप इंडोनेशियातल्या बांडुंग इथं जमले, तेव्हा त्यांनीही हाच मार्ग सांगितला: चर्च म्हणजे लहानलहान समूहांचा मिळून एक समूह, आणि त्यात सगळ्यांचा वाटा.

पण असलं काही आपल्या मातीला अगदीच नवं होतं असं समजू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळक प्रॉटेस्टंट. पण मिशनची बांधिलकी सोडून १९१७ साली ते साताऱ्यातच येऊन राहिले, आणि त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघंही त्यात एका पंगतीला बसावेत, हा त्यांचा हेतू. १९१९ साली ते गेले, आणि दरबार पुढं वाढला नाही. एका मोठ्या माणसावर उभं राहिलेलं काम तो माणूस गेल्यावर कसं थांबतं, हेही त्यातून शिकण्यासारखं.

आता समूहाची बैठक कशी चालते ते सांगते. तिला सात पायऱ्या आहेत. पहिली, प्रभूला बोलवायचं. दुसरी, शुभवर्तमानातला ठरलेला उतारा वाचायचा. तिसरी मला फार आवडते. त्या उताऱ्यातला जो शब्द, जी ओळ आपल्या मनाला लागली, तेवढीच मोठ्यानं म्हणायची, तीनदा, मध्ये थोडं थांबून. जास्त काही नाही. चौथी पायरी म्हणजे तीनेक मिनिटं गप्प बसायचं. (आम्हां शिक्षिकांना हीच सर्वांत अवघड!) पाचवीत, तो शब्द आपल्याला का लागला ते सांगायचं. इथं प्रवचन नाही, वाद नाही, दुसरीचं बोलणं दुरुस्त करायचं नाही. सहावी पायरी कामाची: आपल्या वस्तीत कुणाला काय हवंय, कोण करणार, कधीपर्यंत करणार. आणि सातवी, ज्याला सुचेल त्यानं सुचेल तशी प्रार्थना करायची.

बैठक चालवणारीला 'अ‍ॅनिमेटर' म्हणतात. तिचं काम काय, तर पायरी सांगायची आणि गप्प राहायचं. तिनं शिकवायचं नाही. लुम्कोच्या पुस्तिकांचा सगळा जोर यावर आहे, की पुढारी दुसऱ्यांवर वरचढ होणारा नसावा.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण करायला बसलं की आपल्या मनात काय काय दडलंय ते बाहेर येतं बघा.

आमच्यात एक मावशी आहेत. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या, शाळेत न गेलेल्या. त्यांची पाळी आली की कुणीतरी म्हणायचं, "राहू द्या, त्यांना वाचता येत नाही, उगीच संकोच वाटेल." बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसायचा. पण चार वेळा असं झाल्यावर मावशीच म्हणाल्या, "वाचायला माझी नात आहे की. चालवायला मला काय होतंय?" नातीनं वाचलं, मावशींनी चालवलं. तिसऱ्या पायरीला त्यांनी एकच शब्द म्हटला, "भाकर". तीनदा म्हटला. पाचव्या पायरीला दुष्काळातली एक रात्र सांगितली, फार तर चार वाक्यांत. त्या दिवशी बी.ए., बी.एड. झालेल्या आम्हां बायकांना पुढं बोलायला काही सुचेना.

अक्षर नाही म्हणजे अक्कल नाही, असं आपण मनातल्या मनात धरून बसतो. आपल्याच सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्जावर सह्यांच्या जागी अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि "व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, आम्ही करून दाखवतो" असं त्यांनी साहेबांना सांगितलं. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. त्या बायकांना हिशेब आधीपासूनच येत होता. विचारलं मात्र कुणी नव्हतं.

दुसरी अडचण घराची. "त्यांची एकच खोली आहे, त्यांच्याकडे बैठक नको, त्यांना त्रास." ऐकलंय ना? असं दयेनं म्हणता म्हणता बैठक नेहमी सोफा असलेल्या तीन-चार घरांतच फिरत राहते. ज्यांच्याकडे आपण कधी जात नाही, ती माणसं हळूहळू आपल्याकडेही येईनाशी होतात. म्हणून एका समूहानं दोन नियम केले. प्रत्येक घराची पाळी लागायचीच. जागा नसेल तर अंगणात, नाहीतर जिन्यावर बसायचं. आणि चहाखेरीज काही करायचं नाही. हा दुसरा नियम बायकांनी मोठ्या मुश्किलीनं मानला हो! कारण एकीनं केक केला, की दुसरी ढोकळा करणार, आणि तिसरी आपल्या पाळीच्या दिवशी नेमकी गावाला जाणार. चहाची अट आली, आणि तिसरीचं घर उघडलं.

तिसरी अडचण सर्वांत जड. चांगलं काम करणारं माणूस जागा सोडत नाही. मला माहीत असलेल्या एका समूहात एक गृहस्थ कित्येक वर्षं प्रमुख होते. प्रामाणिक, धावून जाणारे, खिशातले पैसे घालणारे. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जागाच नाही. पण आजारी कोण ते त्यांनाच माहीत, मदतीचे पैसे कुणाला दिले तेही त्यांनाच माहीत. बाकीचे निर्धास्त, आणि म्हणून निष्क्रिय. पुढं त्यांना स्वतःला अंथरूण धरावं लागलं, तेव्हा त्यांच्याकडे जायचं कुणी, हेच कुणी ठरवेना. ठरवायची सवय फक्त त्यांनाच होती ना! शेवटी दोन बायकांनी डब्याच्या पाळ्या लावल्या, आणि तिथून तो समूह पुन्हा उभा राहिला. आता तिथं दोघं मिळून प्रमुख असतात, मुदत ठरलेली असते, पहिल्या दिवसापासून पुढची व्यक्ती हाताशी घ्यावी लागते, आणि पैशांचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो, मग तो तीनशे रुपयांचा का असेना.

तुम्ही विचाराल, हे झालं घराघरांतलं. चर्चमध्ये तरी बायकांचं कुणी ऐकतं का? खरं ते सांगते. १९८३च्या आमच्या धर्मकायद्यानुसार धर्मग्रामाची परिषद सल्ला देते; अध्यक्ष फादर असतात, निर्णय त्यांचा. पैशांच्या कारभारासाठी समिती असलीच पाहिजे असा कायदा आहे, पण तीही मदतीपुरतीच. त्यामुळं फादर ऐकून घेणारे असले तर परिषद जिवंत, नाहीतर नुसती कागदावर. तरी काही हलतंय. २०२३ साली रोमला भरलेल्या बिशपांच्या सभेत पहिल्यांदाच बायकांनी मत दिलं. पन्नासहून अधिक बायकांना तो हक्क होता. आणि २०२४च्या ऑक्टोबरात त्याच सभेनं, अशा परिषदा सगळीकडे सक्तीच्या कराव्यात, असा आग्रह धरला. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण बोलायची सवय नसलेल्या बाईला उद्या परिषदेत खुर्ची दिली, तरी ती काय करणार? नवऱ्याकडे बघणार, नाहीतर फादरांकडे. ग्रामपंचायतीतल्या 'सरपंचपतीं'ची गोष्ट तुम्हांला नव्यानं सांगायला नको. सवय लागते ती घरातल्या सतरंजीवर, दहा माणसांत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. सगळ्यांचा वाटा म्हणजे सगळ्यांनी कामं करायची, असं नव्हे. कामं तर आपण बायका जन्मभर करतोच. ठरवण्यातही वाटा हवा. आणि तो मिळायचा तर जिच्या हातात वही आहे, तिनं ती आपणहून पुढं सरकवली पाहिजे.

तुमच्या मंडळात करून पाहायचं असेल, तर एवढं करा. पुढच्या बैठकीची तारीख सर्वांसमोर ठरवा. नेहमी गप्प बसणारीला आठवडाभर आधी घरी जाऊन सांगा, ऐनवेळी नको. काय काय क्रमानं करायचं ते एका कागदावर लिहून द्या; वाचता येत नसेल तर तोंडी सांगा, दोनदा. प्रत्येकीला एकदा तरी बोलायला मिळेपर्यंत कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही, हा नियम ठेवा. मुदत आधीच ठरवा. हिशेब मोठ्यानं वाचा.

आणि सर्वांत महत्त्वाचं सांगणं आहे, ते वहीवाल्या ताईंना. त्या दिवशी तुम्ही दाराजवळ बसा. ती अडखळेल, क्रम चुकेल, प्रार्थना नाहीतर आरती वरच्या पट्टीत उचलेल. तुमच्या ओठांवर शब्द येतील. येऊ द्यात, पण गिळून टाका. तिला सावरायला थोडा वेळ द्या. ती सावरते, असा माझा अनुभव आहे.