रेडिओचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुधा देवळांपुरता वापरला जातो. गळका कळस, ढासळलेला तट, खचलेली ओवरी यांची डागडुजी करावी, परंतु मूर्ति जेथें आहे तेथेंच ठेवावी, असा त्याचा रूढ अर्थ. देऊळ पाडून त्या जागीं दुसरें बांधलें, तर तें कितीहि सुंदर असलें तरी त्यास जीर्णोद्धार म्हणतां येत नाहीं. हाच विवेक घरांतील जुन्या यंत्रासहि लावावा कीं नाहीं, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्याकडे एका रेडिओच्या निमित्तानें निघाला, आणि त्यावर थोरांपासून लहानांपर्यंत सर्वांनीं आपापलें मत दिलें.

रेडिओ आमच्या तीर्थरूपांनीं १९५७ सालीं घेतलेला. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली. पांच व्हाल्व्ह, सागवानी पेटी, आणि कांचेच्या पट्टीवर कोलंबोपासून लंडनपर्यंत गांवांचीं नांवें. त्या काळीं रेडिओ बाळगण्यास पोस्टांतून परवाना घ्यावा लागे. त्याची पुस्तिका अजून पेटीमागें जपलेली आहे. गेलीं पंचवीस वर्षें मात्र यंत्र मुकें होतें. वहिनींचा नातू अभियांत्रिकी शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, आंतलें सगळें काढून टाकूं आणि एक लहानसें ब्लूटूथचें यंत्र बसवूं. मग मोबाइलवरून हवें तें गाणें लावा. बाहेरून कोणाला कळणारहि नाहीं." वहिनी स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "पेटी राहील रे बाळ, पण रेडिओ कोठें राहिला?" आम्ही वहिनींच्या पक्षास मिळालों.

दुरुस्तीस आमचा एक जुना विद्यार्थी आला. व्हाल्व्हचीं यंत्रें जाणणारे कारागीर आतां थोडे उरले आहेत. हा त्यांपैकीं एक. पेटी उघडण्यापूर्वींच त्यानें बजाविलें, "सर, प्लग लावून पाहूं नका. इतकीं वर्षें निजलेलें यंत्र एकदम उठविलें तर जळतें." कारण त्यानें सांगितलें तें असें.

व्हाल्व्ह हा या यंत्राचा प्राण. फ्लेमिंगनें १९०४ सालीं दोन ध्रुवांचा व्हाल्व्ह सिद्ध केला. पुढें डी फॉरेस्टनें त्यांत जाळीची भर घातली, आणि क्षीण विद्युत्‌कंप मोठे करतां येऊं लागले. हे व्हाल्व्ह बहुधा दीर्घायुषी असतात. आधीं कुजतात ते कंडेन्सर. त्या वेळचे कंडेन्सर म्हणजे कागद व धातूचा पातळ पत्रा यांची मेणांत भिजविलेली गुंडाळी. वर्षानुवर्षें हवेंतील ओल शोषून कागद वीज अडविण्याचें काम सोडतो. आमच्या रेडिओंत ई. बी. सी. ८१ हा व्हाल्व्ह आवाज थोडा वाढवितो, व ई. एल. ८४ तो स्पीकर हलविण्याइतका मोठा करतो. दोहोंच्या मध्यें एक लहानसा कंडेन्सर द्वारपालासारखा बसलेला असतो. आवाजाचे कंप पुढें सोडावे, पण मागील सुमारें शंभर व्होल्टांचा स्थिर दाब पुढें जाऊं देऊं नये, एवढेंच त्याचें काम. तो गळूं लागला कीं ई. एल. ८४ मधून बेसुमार प्रवाह वाहतो, व्हाल्व्ह तापून लाल होतो, आणि ट्रान्सफॉर्मरहि त्याच्याबरोबर जातो. एका जीर्ण कागदापायीं सारें यंत्र नष्ट व्हावयाचें!

त्यानें एकेक भाग मीटरवर तपासला. बारा कागदी कंडेन्सरांपैकीं एकहि धड निघाला नाहीं. वीजपुरवठ्याचा मोठा कंडेन्सर आंतून वाळला होता. २,२०,००० ओहमचा एक रेझिस्टर ३,१०,००० दाखवीत होता. कोळशाच्या रेझिस्टरांचें मूल्य वयाबरोबर असें वाढतें. उलट अभ्रकाचे कंडेन्सर जसेच्या तसे होते, म्हणून त्यांस त्यानें हात लावला नाहीं. आर्मस्ट्राँगनें १९१८ सालीं शोधलेल्या सुपरहेटरोडाइन पद्धतींत कोणतेंहि केंद्र लावलें तरी त्याची लहर एकाच ठराविक कंपसंख्येंत, बहुधा सेकंदास ४,५५,००० च्या आसपास, आणून मग वाढविली जाते. त्या कामाच्या डब्यांतील स्क्रूहि त्यानें पिळले नाहींत. कारखान्यांत जुळविलेलें तें गणित बहुधा टिकून असतें.

येथें नवा वाद निघाला. विद्यार्थी म्हणाला, "सर, जुन्या कंडेन्सरांचें मेण वितळवून आंतला कागद काढतों, आणि नवे त्याच कवचांत बसवितों. दिसावयास सगळें जुनें." नातू लगेच उद्‌गारला, "मग माझें ब्लूटूथ काय वाईट होतें? तेंहि बाहेरून दिसणार नव्हतें!"

मुलाचा आक्षेप खोटा नव्हता. आम्हांस त्या वेळीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें स्मरण झालें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ या काळांत ती सिद्ध केली. प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं घालून दिलेली शिस्त अशी कीं, जो पाठ पुरता निश्चित नाहीं त्याच्याखालीं नागमोडी रेघ द्यावी, आणि न स्वीकारलेले पाठ खालीं टीपांत जतन करावे. संपादकानें शुद्धि करावी, पण ती लपवूं नये. जें काढलें तें नाहींसें करूं नये. त्याच न्यायानें आम्हीं ठरविलें कीं, नवे ६३० व्होल्टांचे पॉलिएस्टर कंडेन्सर पिवळे आहेत ते पिवळेच दिसूं द्यावे. जुने एका पिशवींत घालून पेटींतच ठेवावे. आणि काय बदललें त्याची तारीखवार यादी आंतल्या फळीवर चिकटवावी. नातवास आम्हीं सांगितलें, "ब्लूटूथ बसविलें असतें तर दुसऱ्याच यंत्रास याचा अंगरखा मिळाला असता. कंडेन्सर बदलले तरी हवेंतील लहर पकडून तिला वाणी देण्याचें काम याचें यालाच करावें लागतें."

वीज प्रथम १०० वॉटच्या दिव्यामधून दिली. आंत कोठें शॉर्ट असता तर दिवा प्रखर जळतच राहिला असता. तो क्षणभर उजळून मंद झाला. मग व्होल्टांची पट्टी आजच्या २३० व्होल्टांस मानवेल अशी सर्वांत वरच्या आंकड्यावर लावून थेट वीज दिली. अर्ध्या मिनिटानें पुणें केंद्र बोलूं लागलें. परंतु खरखर इतकी कीं शब्द कळेना. विद्यार्थी म्हणाला, "हा दोष रेडिओचा नव्हे. एल. ई. डी. दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांचा हा गोंगाट आहे." १९५७ सालीं घराघरांत हा कलकलाट नव्हता. नातू उठला आणि घरभर फिरून एकेक चार्जर काढूं लागला. सातवा काढतांच आवाज स्वच्छ झाला. वहिनी जवळ येऊन बसल्या व म्हणाल्या, "आतां कसा हाच बोलला!"

ज्यांच्या माळ्यावर असा रेडिओ आहे त्यांस एक सूचना. आंत अडीचशें व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरहि कंडेन्सरांत तो कांहीं काळ साठून राहतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या कित्येक यंत्रांत तर धातूचा सांगाडाच विजेशीं जोडलेला असतो. म्हणून जाणकार सोबत असल्याशिवाय कोणीं आंत हात घालूं नये.

यादी नातवानेंच आपल्या अक्षरांत लिहून काढली, आणि खालीं अर्धा कागद कोरा सोडला. आम्हीं कारण विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, हे कंडेन्सरहि कधीं तरी जातील. पुढच्याला लिहावयास जागा नको का?"