आजोबांचा वड

माणसाच्या हातून चुका होतात, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु आपलीच चूक रोज सकाळीं कुंडींत उभी राहून आपणांकडे पाहूं लागली, म्हणजे त्या वचनाचा अर्थ निराळाच भासूं लागतो. गेल्या पावसाळ्यांत मला असा अनुभव आला. तो माझ्या शाळूसोबत्यांस व त्यांच्या पालकांस सांगावा, या हेतूनें हे चार शब्द लिहीत आहें.

आमच्या घरीं एक वडाचें झाड आहे. त्याचें वय तीस वर्षांहून अधिक आणि उंची अवघी एक हात! सन १९९१ मध्यें आमचा पुण्यांतील जुना वाडा पाडण्यांत आला, तेव्हां मागच्या भिंतीच्या भेगेंत उगवलेलें एक रोप आजोबांच्या दृष्टीस पडलें. पांखरांनीं खाल्लेल्या फळांतील बीं असें भिंतीवर पडतें आणि तेथेंच रुजतें. भिंत तर जाणारच होती. आजोबांनीं तें रोप अलगद सोडवून घेतलें व पसरट कुंडींत लावलें. त्या वाड्यांतील दुसरी कोणतीही जिवंत वस्तु आज आमच्यापाशीं नाहीं.

अशा झाडास जपानी भाषेंत ‘बोनसाय’ म्हणतात. ‘बोन’ म्हणजे पसरट तबक व ‘साय’ म्हणजे लागवड. ही कला मूळची चीन देशांतील. तेथून ती जपानांत गेली व तेथें फार उंचीस पोहोंचली. आपल्याकडे अशा झाडास ‘वामनवृक्ष’ हें सुंदर नांव मिळालें आहे. पुष्कळांस वाटतें, कीं हें झाड जातीनेंच खुजें असावें. तसें नाहीं. त्याचें बीं महावृक्षाचेंच असतें. मुळ्या व फांद्या वेळोवेळीं छाटून आणि तारेनें वळण लावून त्यास लहान ठेवावें लागतें. जमिनींतील झाड पाण्याच्या शोधांत दूरवर मुळ्या पसरूं शकतें. तबकांतील झाडास जावयास जागाच नसते. त्याचें पाणी, त्याची माती, त्याचें ऊन, सर्व कांहीं पाळणाऱ्याच्या हातीं असतें.

गेल्या जून महिन्याच्या आरंभीं आजोबा नागपुरास काकांकडे गेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु झाला होता. एका डोळ्यावर शस्त्रक्रिया होऊन तो बरा झाल्यावर दुसऱ्यावर व्हावयाची होती. निघतांना त्यांनीं मला गच्चीवर नेलें आणि म्हटलें, “बाळ, वड तुझ्यावर सोंपवून जातों. रोज पाणी घालूं नकोस. रोज पाहा मात्र.” मीं मान डोलावली. त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हां मुळींच कळला नव्हता.

प्रथम कांहीं दिवस मीं उत्साहानें काळजी घेतली. पुढें शाळा सुरू झाली, नवीं पुस्तकें आलीं, मैदानावर खेळ रंगूं लागला. त्या वर्षीं पाऊसही लांबला होता. एके सायंकाळीं सहज गच्चीवर गेलों, तों वडाचीं पानें माना टाकून लोंबत होतीं. गेल्या पांच दिवसांत मीं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलें नव्हतें! माझ्या पोटांत धस्स झालें. मीं तांब्यावर तांब्या पाणी ओतलें आणि दुसऱ्या दिवशीं पानें पुन्हां ताठ झालीं. येथेंच मी थांबलों असतों, तर कांहींच बिघडलें नसतें. परंतु अपराधी मनास थोडक्यांत समाधान वाटत नाहीं. मीं दिवसांतून तीन वेळां पाणी घालूं लागलों. एवढ्यानेंही भागेना, म्हणून कुंडी पाण्यानें भरलेल्या परातींत ठेवली. मग जुलै उजाडला आणि पावसाची झड लागली.

पानें पिवळीं पडूं लागलीं. मला वाटलें, अजून तहान भागली नसेल. आणखी पाणी घातलें. पानें गळूं लागलीं. मला वाटलें, भूक लागली असेल. शेजाऱ्यांकडून मूठभर रासायनिक खत आणून टाकलें. आठ दिवसांत झाडावर एकही पान उरलें नाहीं.

दर रविवारीं आजोबांचा टेलिफोन येई. डोळ्यांवर औषधें चालू असतांही ते न चुकतां विचारीत, “वड कसा आहे?” आणि मी सांगे, “चांगला आहे.” पहिल्यांदा हें बोलतांना जीभ अडखळली, दुसऱ्यांदा अडखळली नाहीं, आणि याचेंच मला अधिक भय वाटलें. आजोबांस तिकडे दृष्टि येत होती. ती घेऊन ते परत येतील, तेव्हां प्रथम काय पाहतील, हा विचार मला रात्रीं झोंपूं देईना.

अखेर धीर करून मी कुंडी घेऊन आमच्या शाळेच्या माळीकाकांकडे गेलों. त्यांनीं नखानें खोडाची साल किंचित् खरवडली. आंत हिरवा थर दिसला. मग एकेक फांदी तशीच तपासली. पांचांपैकीं तीन फांद्यांत हिरवेपणा होता आणि टोचतांच वडाचा पांढरा चीकही येत होता. दोन मात्र वाळून काष्ठ झाल्या होत्या. नंतर त्यांनीं झाड कुंडींतून उपटून काढलें. मातीस आंबूस दुर्गंधि येत होती. मुळ्या काळसर व लिबलिबीत झाल्या होत्या. बोटांत धरतांच त्यांची साल मोज्यासारखी निघून येई. थोड्या मुळ्या तेवढ्या पांढऱ्या व टणक होत्या.

“मुळ्यांना श्वास घ्यावा लागतो, हें ठाऊक आहे का?” त्यांनीं विचारलें. मातीच्या कणांमध्यें ज्या पोकळ्या असतात, त्यांतील हवेवर मुळ्या जगतात. पाण्यानें त्या पोकळ्या सतत भरलेल्या राहिल्या, कीं मुळ्या गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळीस पाणी शोषतां येत नाहीं. म्हणून पाण्यांत उभें असलेलें झाडही तहानेल्यासारखें कोमेजतें, आणि पाळणारा त्यास आणखी पाणी घालतो! दुबळ्या मुळ्यांस खतही बाधतें. त्यांतील क्षार मुळ्यांना जाळतात. मीं ज्यास सेवा समजत होतों, ती झाडाची शिक्षा होती.

माळीकाकांनीं धारदार कात्री स्वच्छ करून सर्व कुजका भाग कापून टाकला, उरलेल्या मुळ्या धुतल्या आणि वाळलेली एक फांदी छाटली. शेंड्याजवळची दुसरी मात्र, तिचें काय करावयाचें तें आजोबा ठरवतील, असें म्हणून त्यांनीं ठेवली. कुंडीचीं भोकें मोकळीं करून त्यांवर जाळी बसविली. दोन भाग विटेची चुरी, एक भाग नदीची जाडी वाळू व एक भाग पालापाचोळ्याचें खत चाळून, बारीक धूळ टाकून देऊन नवी माती तयार केली. झाड लावल्यावर तें तारेनें कुंडीस घट्ट बांधलें. कारण झाड वाऱ्यानें हाललें, तर फुटूं पाहणाऱ्या नाजूक मुळ्या तुटतात. “आतां हें वळचणीखालीं, उजेडांत पण पावसाबाहेर ठेव. खत अजिबात नको. पाणी घालण्यापूर्वीं खराट्याची काडी मातींत खुपसून पाहा. ओली निघाली तर त्या दिवशीं पाणी नाहीं.”

मी निघालों, तेव्हां त्यांनीं सहज विचारलें, “आजोबांना कळवलेंस ना?”

“झाड जगलें म्हणजे कळवीन,” मी म्हणालों.

ते हंसले. “जगल्यावर सांगायला काय रे लागतें?”

हें वाक्य मी घरापर्यंत कुंडीबरोबर वाहून आणलें. आणि खरें सांगावयाचें तर कुंडीपेक्षां तेंच अधिक जड होतें. त्या रविवारीं आजोबांनीं नेहमींचा प्रश्न विचारतांच मीं सर्व कांहीं सांगितलें: पांच दिवसांचें दुर्लक्ष, परात, खत आणि दोन रविवारचें खोटें. पलीकडे बराच वेळ शब्द ऐकूं आला नाहीं. मी रागावण्याची वाट पाहत होतों. शेवटीं आजोबांनीं एकच प्रश्न केला, “चीक येतो का?”

“तीन फांद्यांना येतो.”

“मग वाट पाहा,” ते म्हणाले.

वाट पाहणें हें पाणी घालण्याहून कितीतरी कठीण काम आहे. रोज सकाळीं मी काडी खुपसून पाहीं. ती बहुधा ओलीच निघे, आणि मीं हात मागें घेई. त्या दिवसांत वाचनालयांतून वामनवृक्षांसंबंधीं जें मिळेल तें वाचलें. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानांत पाइनचा एक वामनवृक्ष आहे. सन १६२५ पासून, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्याही पांच वर्षें आधींपासून, तो कुंडींत वाढविला जात आहे. ता. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हां तो तेथून सुमारें तीन किलोमीटरांवर यामाकी घराण्याच्या रोपवाटिकेंत होता; एका भिंतीच्या आडोशानें तो वांचला. सन १९७६ मध्यें मसारू यामाकी यांनीं तो अमेरिकेस भेट दिला. परंतु त्या स्फोटाची हकीकत तेथील लोकांस कळली ती सन २००१ मध्यें, यामाकींचे नातू तें झाड पाहावयास गेले तेव्हां. इतक्या पिढ्यांत त्या झाडास पाणी घालणाऱ्या एकाही मुलाच्या हातून चूक झाली नसेल, हें मला संभवनीय वाटत नाहीं. या विचारानें मला मोठा धीर आला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत एके सकाळीं खालच्या फांदीच्या पेऱ्यावर मोहरीएवढा एक फुगवटा दिसला. चार दिवसांत त्याचें टोंक लांबलें, वरचें वेष्टन गळून पडलें आणि तांबूस रंगाचें एक इवलेंसें पान उलगडलें. त्या दिवशीं मी शाळेंत उशिरा पोहोंचलों. शिक्षा झाली, पण तिचें कांहीं वाटलें नाहीं.

गणेशचतुर्थीच्या आधीं आजोबा परत आले. बूट काढून ते थेट गच्चीवर गेले, मी मागोमाग. झाडावर त्या वेळीं नऊ पानें होतीं. आजोबा बराच वेळ पाहत राहिले. नव्या दृष्टीनें त्यांस प्रत्येक पानाची शीर दिसत होती. नंतर त्यांनीं शेंड्याजवळच्या त्या वाळक्या फांदीस हात लावला. मला वाटलें, आतां ती छाटतील. पण ते म्हणाले, “ही राहूं दे. साल सोलून काढूं. जपानी लोक अशा वाळल्या लाकडास ‘जिन’ म्हणतात. झाडावर काय गुजरलें, तें त्यावरून दिसतें.”

आज त्या वडावर पुष्कळ पानें आहेत, आणि त्यांच्यामधून ती पांढुरकी फांदी वर डोकावते. पाहुणे विचारतात, कीं ही कां ठेवली? आजोबा कांहीं बोलत नाहींत, माझ्याकडे पाहतात. मग ही हकीकत मलाच सांगावी लागते.

(एक विद्यार्थी, इयत्ता १० वी)