टोकाला जाऊन मोजू नका!

मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळे व्हर्निअर घेऊन जॉबची लांबी मोजतो, पाच रीडिंग घेतो (घेतो ना?) आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल पूर्ण करतो. लांबी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, हे तर शाळेपासून पाठ आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत बारामतीहून एस.टी. पकडून मी रूममेटच्या गावी, इंदापूर तालुक्यात गेले, तेव्हा तिच्या काकांनी विचारलं, "पोरींनो, काडतुसाची लांबी कुठून कुठपर्यंत मोजाल?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. हा कारखाना १८६९ सालचा! २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे.

काकांनी सांगितलं, ७.६२×५१ या काडतुसातले ५१ मि.मी. म्हणजे नुसती पितळी पुंगळी. गोळी बसवल्यावर पूर्ण लांबी साधारण ७१ मि.मी. होते. ते मॅगझिनमध्ये मावतं का, हे बघायला हे माप ठीक. पण गोळीचं टोक बेभरवशाचं. शिशाचं असेल तर चेपतं, पोकळ असेल तर कडा वाकडीतिकडी. शिवाय बॅरलमधल्या पिळदार खाचांना आधी टेकतं ते टोक नव्हे, तर गोळी निमुळती होत होत जिथे बॅरलच्या भोकाएवढी जाड होते, ती जागा. म्हणून माप तिथून घ्यायचं.

हे समजवायला त्यांनी माझ्या पेनवर एक नट सरकवला. नट जिथे अडकला तिथे बोट ठेवून म्हणाले, "इथून मोज. रिफिलचं टोक विसर." परदेशात नेमबाज घरी काडतुसं भरतात, ते व्हर्निअरला अशीच भोकाची कॉलर लावतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, तेव्हा हॉस्टेलवर प्रयोग नकोत!) हा नुसता काटेकोरपणा नाही. गोळी फार आत दबली तरी दाब वाढतो, आणि पुढे येऊन खाचांत रुतली तरी वाढतो.

गंमत पुढेच आहे. कॉलर लावून येणारा आकडा ही काडतुसाची खरी लांबी नसतेच! दुसऱ्याची कॉलर, दुसरा आकडा. तुलना करायची तर तीच कॉलर, तोच शून्य, जबड्यांवर तोच हलका दाब.

परतताना एस.टी.त मी रूममेटचाच विचार करत होते. ती बारावीपर्यंत मराठी माध्यमात. व्हर्निअर हातात घेतला की तिची पाचही रीडिंग ०.०२ मि.मी.च्या आत येतात. माझी येत नाहीत. पण व्हायवाला इंग्रजीत प्रश्न आला की ती अडखळते आणि मी कॉन्व्हेंटच्या जोरावर धडाधड बोलते. मार्क मला जास्त. इंग्रजी हे आमचं टोक. सगळ्यांना आधी दिसतं आणि सगळे तिथूनच मोजतात. काम मात्र जिथे टेकतं ती जागा वेगळी, आणि तिथे ती माझ्या पुढे आहे.

सर आणि मॅडम, इंग्रजी जरूर मोजा. आम्हाला नोकरीसाठी ते लागणारच आहे. फक्त तो आकडा मेट्रॉलॉजीच्या रकान्यात लिहू नका.